दादाच्या जीपचे हवेचे फुगे

दादाची पाठ दुखायला लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी दोष जीपला दिला. वहिनींचं म्हणणं, रविवार उजाडला की हा माणूस दगडगोट्यांतून गाडी उडवत फिरतो, मणक्यांनी तरी किती सोसायचं. दादा हसायचा, कमरेला पट्टा बांधायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचा. मलाही तेच वाटायचं. जीप थांबली की पाठ थांबेल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. निरवांगीला आमच्या वडिलांची जमीन होती, त्यात त्यानं पेरूची बाग केली होती आणि बागेच्या कडेला वस्तीवर घर होतं. घरात तो आणि वहिनी, दोघंच. त्यांना मूल झालं नाही. मी पिंपळीला दिलेली. आमची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. शेडनेटखाली ट्रेमध्ये टोमॅटो, मिरची, फ्लॉवरची रोपं वाढवायची आणि शेतकऱ्यांना द्यायची. दादा आठवड्यातून एकदा तरी पेरूनं भरलेल्या प्लॅस्टिकच्या जाळ्या बारामतीच्या बाजारात टाकून परतताना आमच्याकडं थांबायचा.

जीप त्यानं जुनीच घेतली होती. चारही चाकांना जोर असलेली, चिखलातून आणि चढावरून निघणारी. मग तिच्यावर त्यानं हौस केली. उंची वाढवली, खोल खाचांचे टायर घातले, मागं जाड पाटे बसवले. पाटा म्हणजे चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांची जी चवड असते ती. गाडीचं वजन आणि रस्त्याचे दणके तीच झेलते. दादाच्या जीपचा पाटा इतका कडक होता की माणूस बसला काय आणि उतरला काय, गाडी हलायची नाही. दणका जसाच्या तसा बसणाऱ्याच्या कमरेत यायचा. त्याच्यासारखेच हौशी चार-पाच मित्र होते. सगळे मिळून ओढ्यांतून, नदीच्या पात्रातून, इंदापूरकडच्या माळावरून गाड्या घालायचे आणि संध्याकाळी धुळीनं माखून कुणाच्या तरी वस्तीवर भाकरी खायचे.

मला गाडी चालवायला त्यानंच शिकवलं, त्याच माळावर. खड्डा आला की सरळ घुसायचं नाही, तिरकी घालायची, एकेक चाक उतरवायचं, म्हणजे गाडी अडकत नाही, असं तो सांगायचा. मी पहिल्यांदा एकटीनं ओढा पार केला तेव्हा तो पलीकडच्या काठावर उभा राहून नुसता हात हलवत होता. आमच्या घरात जीप चालवणारी बाई मीच. वहिनींना गाडीत बसायलाही आवडायचं नाही.

पट्टा बांधून, तेल चोळून, गोळ्या घेऊन पाठ थांबेना, तेव्हा आम्ही त्याला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीण बाई शांत होत्या. त्यांनी वहिनींना आणि मला आत बोलावलं आणि सांगितलं, हा गाडीचा त्रास नाही. गाठ दुसरीकडं आहे आणि तिथून आजार हाडांत उतरलाय. मणक्याचं एक हाड आतून पोखरलंय. उपचार करू, दुखणं कमी करू. बरं होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. वहिनींनी विचारलं, जीप विकली तर? बाई म्हणाल्या, आता एक मात्र सांभाळा, पाठीला हिसका बसता कामा नये. हाड दबलं तर पाय जातील.

ठरावीक दिवसांनी त्याला सलाईनमधून औषध द्यायला बारामतीला आणायचं होतं. निरवांगीपासून कळंब, जंक्शन, लासुर्णे, सणसर अशी गावं घेत आमच्या पिंपळीवरून बारामती. त्या वर्षी हा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. एक बाजू खणलेली, दुसरीकडून वाहतूक, मधे मधे मुरूम टाकून काढलेली वळणं.

पहिल्यांदा रुग्णवाहिका बोलावली. ती वस्तीपर्यंत आली नाही, कालव्याच्या चारीवरच्या पुलाशीच थांबली, कारण पुढचा रस्ता काळ्या मातीचा आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी त्यात हातभर खोल चाकोऱ्या पाडलेल्या. दादाला बाजेवर घालून तिथवर न्यावं लागलं. आत झोपवल्यावर दार लागलं, आणि मग बारामतीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. उतरवलं तेव्हा त्याच्या तोंडात चादरीचं टोक होतं. ते त्यानं इतकं घट्ट धरलं होतं की वहिनींना हळूहळू सोडवावं लागलं. माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, पुढच्या खेपेला एका ओळखीच्याची मोठी, मऊ गाडी मागून आणली. चाकोरीत तिचं पोट टेकलं आणि ती तिथंच रुतली. बाहेर काढायला दादाचीच जीप न्यावी लागली. वस्तीवर पोचणारी आणि मागं माणूस सरळ आडवा झोपेल अशी गाडी एवढी एकच होती, आणि तिचा पाटा तसा कडक.

तेव्हा दादानं ते फुगे काढले. म्हणजे विषय काढला.

बाजेवर पडल्या पडल्या तो मोबाईलवर काहीतरी बघत होता. मला म्हणाला, "एअर बॅग लावायच्या मागं." मला वाटलं, अपघात झाल्यावर स्टेअरिंगमधून फुगते तीच. तो म्हणाला, ती न्हाय. ह्या चाकाच्या वर बसतात, पाटा आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधे. जाड रबराचे फुगे. लांबच्या डोंगरांत तंबू, पाणी, सामान घेऊन जाणारे लोक लावतात, म्हणजे ओझ्यानं गाडी मागं बसत नाही. त्यालाही एकदा तसं लांब जायचं होतं, तेव्हापासून ते त्याच्या डोक्यात होतं. आता त्याला ते दुसऱ्या कामासाठी हवे होते.

फुगे बाहेरून मागवले. खोक्यातून निघाले तेव्हा वहिनींनी हातात घेऊन पाहिले. काळे, जाड, मधे आवळलेले, लहान कळशीएवढे. बारामतीत ज्या मिस्त्रीकडं दादा आजवर जीप नेत आला होता, त्याच्याकडं आम्ही गेलो. दादा मागच्या बाजूला गादीवर, वहिनी त्याच्या पायाशी, मी चालवायला, आणि वाटेत किती वेळा थांबलो ते सांगण्यासारखं नाही. मिस्त्रीनं गॅरेजच्या दारातल्या लिंबाखाली बाज टाकली. दादाला उतरवताना त्याचा चेहरा बघून मिस्त्रीनं मान फिरवली. मग बराच वेळ तो फुगे उलटेपालटे करत बसला.

"भाऊ, हे फुगं वजन उचलायला असत्यात," तो म्हणाला. "गाडी मऊ करायला न्हाय. पाट्यावर हे बसवलं तर गाडी आणिक कडक हुईल."

"पाट्यातली पानं कमी करायची," दादा म्हणाला. "नुसती धरून ठेवण्यापुरती राहू द्यायची. वजन सगळं हवेवर घ्यायचं."

"आन् फुगा फुटला तर? खाली काय न्हाय मग. गाडी बसंल."

"बसली तर बसली. हळूच जायाचं हाय. पाटा लोखंडाचा हाय मिस्त्री, त्याला वर माणूस हाय का पोतं हाय, कळत न्हाय. हवा जुळवून तरी घेती."

मिस्त्री उठला. त्यानं पाट्याच्या चवडीतल्या जाड पट्ट्या काढल्या, फुग्यांना वरखाली लोखंडी बैठकी केल्या, बारीक नळ्या ओढून सीटखालच्या छोट्या पंपाला जोडल्या. नळी सायलेन्सरला चिकटली तर वितळेल म्हणून दादानं बाजेवरून दोनदा सांगितलं आणि मिस्त्रीनं दोनदा ती लांबून फिरवली. पुढं स्टेअरिंगजवळ हवेचा दाब दाखवणारं, दोन काटे असलेलं घड्याळ बसलं, उजव्या फुग्याचा एक, डाव्याचा एक. दुमडून ठेवलेल्या मागच्या सीटा काढून तिथं फळी, फळीवर गादी आणि अंगाला धरून ठेवायला पट्टे. ही सगळी खटपट दिवसभर चालली. दादा मधेच डोळे मिटायचा, उघडला की पुन्हा एखादा नट कुठं हवा ते सांगायचा. कितीतरी दिवसांनी त्याला कुणी काहीतरी विचारत होतं आणि ते त्याला येत होतं.

परतीच्या वाटेवर मी हवा जास्त ठेवली होती. गाडी चेंडूसारखी उडायला लागली. सणसरच्या अलीकडं थांबून मी थोडी हवा सोडली, तर पहिल्याच खड्ड्यात खालून ठोका बसला. दादा कण्हला आणि म्हणाला, थोडी भर, एवढुशी. मी पंप लावला, काटे सरकले. मग मी निघाले आणि पुढं मुरुमाच्या वळणावर जिथं रुग्णवाहिकेनं त्याचे हाल केले होते, तिथून अगदी चालण्याच्या वेगानं गाडी काढली. गाडी खाली गेली, वर आली, म्हशीनं अंग टाकून उठावं तशी.

मागून आवाज आला, "खड्डा गेला का?"

"गेला," मी म्हणाले.

"कळला न्हाय."

लासुर्णे आलं तेव्हा त्याच्याकडून काहीच आवाज येईना म्हणून वहिनी घाबरल्या. मी गाडी बाजूला घेतली. तो झोपला होता. तोंड थोडं उघडं, हात सैल. घरी बाजेवर त्याला अशी झोप लागत नव्हती. वहिनी त्याच्या पायाशी बसून तोंडाला पदर लावून रडल्या, आवाज न करता, म्हणजे तो उठू नये. मग मला म्हणाल्या, "ताई, आणखी थोडं फिरवून आणता का?" आम्ही घराकडचं वळण सोडून जंक्शनवरून सरळ इंदापूरच्या दिशेला बरंच पुढं गेलो आणि मग परत फिरलो.

त्यानंतर काही महिने माझं आयुष्य त्या दोन काट्यांभोवती फिरलं. नर्सरी माझ्या मालकांनी एकट्यानं सांभाळली. मी निघायच्या आधी टायर आणि नळ्या ते स्वतः वाकून बघायचे. वहिनी शेजारी बसल्या तर हवा किती, मागं दादाजवळ बसल्या तर किती, ऊन तापलं की किती सोडायची, हे मी दादाच्या चेहऱ्यावरून शिकले. आरशात मला रस्ता कमी आणि त्याचं कपाळ जास्त दिसायचं. माळावर त्यानं शिकवलेलं सगळं उलटं करावं लागलं. एकेक चाक उतरवलं तर गाडी पिळायची आणि तिच्याबरोबर त्याची कंबरही पिळायची. म्हणून आता स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढवायची, एकदम उतरवायची. मागून लोक हॉर्न वाजवायचे. एकदा एका ट्रकवाल्यानं शेजारी येऊन शिवी दिली आणि मागच्या काचेतून आत पाहिल्यावर निघून गेला.

दादा पडूनच असल्यानं त्याला रस्ता दिसत नव्हता, झाडांचे शेंडे तेवढे दिसायचे. त्यावरून तो गाव ओळखायचा. हे चिंचेचं आलं, आता पूल येईल. हे वडाचं, म्हणजे लासुर्णे जवळ आलं. त्याचं बरोबर यायचं आणि त्याला त्याचा आनंद व्हायचा. पण रस्ता रुंद होत होता. एकेका खेपेला एकेक झाड नसायचं. मग तो विचारायचा, कुठं आलोय आपण. मी सांगायचे. पुढं पुढं त्यानं ओळखायचं सोडून दिलं.

मित्र सुरुवातीला आले. फुगे बघायला जीपखाली वाकले, फोटो काढले, बरा झालास की बर्फाच्या डोंगरांत जाऊ म्हणाले. दादानंही हो हो केलं. मग ते एकेकटे आले. मग फोन आले. त्यांची चूक काढावी असं मला कधी वाटलं नाही. माणसं ज्याच्याशी गाड्यांविषयी बोलायची, त्याच्यासमोर बसून आता काय बोलणार.

थंडीत एकदा त्याला बराच आराम होता. बारामतीहून परतताना तो म्हणाला, मला माळावर ने. वहिनी नको म्हणाल्या. मी डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हळू न्या, आता त्यांना जे आवडतं ते करू द्या. त्या बोलण्याचा अर्थ मला कळला आणि मी तो वहिनींना सांगितला नाही.

माळावर गवत पिवळं पडलं होतं. मी हवा थोडी कमी केली आणि बैलगाडीच्या चाकोरीनं हळूहळू आत गेले. गाडी गवतावरून जात असताना पोटाला गवत घासल्याचा आवाज येत होता. उंचवट्यावर थांबून मागचं दार उघडलं आणि त्याच्या डोक्याखाली उश्या घातल्या. लांब एक चिंकारा आणि तिचं पिल्लू उभं होतं. आमच्याकडं बघून ती थोडी पळाली, पुन्हा थांबली. दादा बराच वेळ बघत राहिला.

"लई आलोय मी हितं," तो म्हणाला. "पण गाडी बंद करून कधी बसलो न्हाय."

वहिनींनी डबा उघडला. त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. वहिनी त्याला माळावरच्या खुणा विचारत होत्या, हे कशानं उकरलं, ते घरटं कशाचं, आणि तो सांगत होता. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्या दोघांना मी असं बोलताना पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी मला वाटलं, हे असंच चालू राहील. बरा नाही झाला तरी असा राहील. फुगे आहेत, हवा आहे, मी आहे. डॉक्टर काय, नेहमी वाईटच सांगतात.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी वहिनींचा फोन आला. दादा बाजेवर होता, हलवलं नव्हतं, उठवलं नव्हतं. वहिनी बशीनं चहा पाजत होत्या आणि त्याला शिंक आली. एवढंच. शिंक आल्यावर तो म्हणाला, पाठीत काहीतरी तुटलं. आणि मग, थोड्या वेळानं, माझ्या पायावर पांघरूण हाय का?

पांघरूण होतं.

मी पोचले तेव्हा त्याचे पाय उन्हात आलेल्या चादरीखाली तसेच पडले होते. मी एका पायाच्या अंगठ्याला हात लावला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी हात लावलाय हे त्याला माझ्याकडं बघून कळत होतं. गडी माणसांनी फळीसकट उचलून त्याला जीपमध्ये ठेवलं. मी काटे पाहिले, दोन्ही बरोबर होते. निघाले. सवयीनं प्रत्येक खड्ड्याआधी पाय ब्रेकवर, दोन्ही चाकं एकदम. कळंब सोडल्यावर रस्त्याला जिथं कडा तुटली होती, तिथं कितीही हळू घेतलं तरी गाडी एका अंगाला झुकायचीच. ती झुकली, सावरली.

"खड्डा गेला का?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"कळला न्हाय," तो म्हणाला.

वहिनींनी खिडकीकडं तोंड केलं.

डॉक्टरीण बाईंनी पुन्हा पाठीचे फोटो काढून पाहिले. ऑपरेशनचा विचार करता येईल असं शरीर राहिलं नव्हतं. मी त्यांना विचारलं की हाड दबायचंच होतं तर इतके दिवस आम्ही जे सांभाळलं त्याचा काही उपयोग झाला का. त्या म्हणाल्या, दुखणं कमी झालं ना, तो उपयोगच. पण हाड आतून गेलेलं असलं की त्याला बाहेरून धक्का लागायची गरज नसते. कुशीवर वळताना जातं, खोकल्यानं जातं. त्यांनी काही दिवस ठेवून घेतलं आणि मग सांगितलं की आता त्याला इथं आणू नका. गोळ्या घरी देऊ. मी म्हणाले, आणायला काही अडचण नाही, गाडी आहे. त्या म्हणाल्या, गाडीचा प्रश्न नाही ताई.

जीप वस्तीवर शेडखाली उभी राहिली. मी एक-दोन दिवसांआड निरवांगीला जायचे, आमच्या नर्सरीच्या छोट्या टेम्पोनं. रबरातली हवा उभ्या उभ्याही कमी होते. डाव्या बाजूची जास्त व्हायची. जीप तिकडं कललेली दिसायची. मी गेले की आधी जीपशी जायचे, चावी फिरवायचे, पंप लावायचे. पंपाचा आवाज मोठा नव्हता, पण वस्तीवर दुपारी दुसरा आवाजही नसायचा. गाडी सरळ झाली की मी आत जायचे. का करत होते, ते मी स्वतःला विचारलं नाही.

दादा तेव्हा फार बोलत नव्हता. अंग बारीक झालं होतं, बाजेत कमी जागा लागायची. बागेत पेरू तोडणीला आले होते आणि वहिनी बाई-माणसांना सूचना देत मधेच आत येऊन त्याची कूस बदलून जायच्या. एकदा मी आत आले तर तो जागा होता.

"हवा भरलीस का?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"कुणासाठी भरतीस आता?"

मी बाजेजवळ बसले. तो म्हणाला, "आवाज आला की मला वाटतंय, निघायचं हाय. मग तू आत येतीस आन् बसतीस. नको भरू." त्यात राग नव्हता, दुखावल्याचं काही नव्हतं. ऊन आलंय, पडदा ओढ, असं सांगावं तसं सांगितलं. मी पुन्हा पंप लावला नाही. काही दिवसांत जीपचं मागचं अंग खाली बसलं आणि तशीच ती उभी राहिली.

तो गेला त्या सकाळी मी शेडनेटमध्ये मिरचीच्या ट्रेवर पाणी मारत होते. वहिनींचा फोन आला, या म्हणाल्या. कशाला ते म्हणाल्या नाहीत. मालक आणि मी टेम्पोनं निघालो, चालवत मीच होते. त्या वाटेवर मला प्रत्येक स्पीडब्रेकर, प्रत्येक वळण, तुटलेली कडा ठाऊक होती. त्या दिवशी त्यातलं एकही मला आठवत नाही. मालक सांगतात की टेम्पो इतका आदळत होता की मागच्या रिकाम्या जाळ्या उडून रस्त्यावर पडल्या. आम्ही पोचलो तेव्हा बागेतली तोडणी थांबलेली होती आणि बाया झाडांखाली गप्प उभ्या होत्या. वहिनींनी त्याचे हात छातीवर ठेवले होते. त्या म्हणाल्या, पाणी मागितलं, मी आणायला गेले, एवढ्यात.

मित्र सगळे आले. गाड्या चारीच्या पुलापर्यंत लावून चालत आले. तिरडी त्यांनीच उचलली. मिस्त्रीही आला होता. मागं, बाजूला, रुमाल डोक्याला बांधून उभा होता. दहाव्यानंतर त्यांच्यातल्या एकानं जीपविषयी विचारलं. वहिनी म्हणाल्या, घेऊन जा. मला विचारतील असं वाटलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? जीप ओढून बारामतीला नेली. फुगे काढून टाकले, कारण त्या मित्राला डोंगरात कडक गाडीच हवी होती. मिस्त्रीनं मला फोन करून विचारलं, ताई, फुगं ठिवून देऊ का तुमच्यासाठी. मी नको म्हणाले. कुणाच्या कामाला आले तर द्या म्हणाले. त्यानं ते कुणाला दिले का, की कोपऱ्यात पडलेत, मी विचारलं नाही.

वहिनींना वस्तीवर एकटीनं राहवेना. बाग दुसऱ्याला करायला दिली आणि त्या इंदापूरला त्यांच्या भावाच्या घरी गेल्या. बसस्टँडच्या मागं, पहिल्या मजल्यावरची खोली आहे. खाली दिवसभर ट्रक आणि एसट्यांचा आवाज. त्यांचा भाऊ चांगला आहे, भावजय चांगली आहे. मी महिना-दोन महिन्यांनी जाते. चहा होतो. त्या विचारतात, यंदा कुठल्या रोपांना मागणी आहे. मी सांगते. त्या म्हणतात, बरं आहे. आम्ही दोघी एकाच गाडीत इतके दिवस बसलो, एकाच माणसाचा श्वास ऐकत, आणि आता आम्हाला एकमेकींशी बोलायला रोपांशिवाय काही सापडत नाही.

मागच्या खेपेला मी जरा धीर करून दादाचं नाव काढलं. वहिनी भांडी आवरत होत्या. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. मग थोड्या वेळानं पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ताई, लवकर निघा. एसटीला गर्दी होते."